टकटक की ठकठक?

मला ती खोली मिळाली ती माझ्या कानांमुळे. नोकरी कुठे, पगार किती, स्वयंपाक येतो का, कोण येणार-जाणार असतं का, यातलं एक अक्षर काकांनी विचारलं नाही. मेलबर्नच्या डँडेनॉन्गमधल्या त्या जुन्या विटांच्या घराच्या दारात मी बॅग घेऊन उभी होते आणि ते म्हणाले, "डोळे मीट."

घरमालकानं पहिल्याच भेटीत डोळे मिटायला सांगितलं तर शहाण्या मुलीनं बॅग उचलून चालू पडावं. पण त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या, कपाळाला हात लावून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका कंटाळा होता की घाबरण्यासारखं काही नाही हे मला लगेच कळलं. मी डोळे मिटले.

"आता सांग. काय काय ऐकू यायलंय?"

मी सांगत गेले. फ्रिजची घरघर. शेजारी कुणीतरी गवत कापतंय. लांबून मालगाडी. छपरावर कुठला तरी पक्षी चालतोय. भिंतीवरचं घड्याळ.

"घड्याळ कसं वाजायलंय?"

"टिकटिक. पण मधूनच एक टिक जरा जड पडतेय."

मी डोळे उघडले तेव्हा काकांचा चेहरा फुलला होता. "कान चांगला हाय," ते काकूंना म्हणाले, बाजारात वांगी दाबून बघितल्यावर म्हणावं तसं. "हिलाच देऊ या खोली."

"आधी तिला पाणी तरी द्या," काकू म्हणाल्या. काका ते ऐकलं नसल्यासारखे आत निघून गेले. नसल्यासारखे म्हणजे, त्यांनी ते खरोखरच ऐकलं नव्हतं. काका बहिरे होते. ठार नव्हेत, पण समोरासमोर उभं राहून, ओठ नीट हलवून, मोठ्यानं बोललं तरच पोचायचं. आणि या माणसानं एका आवाजाला पकडायचा विडा उचललेला होता.

तो आवाज काय ते आधी सांगते. आमच्याकडे मेलबर्नला हिवाळ्यात बहुतेक घरांत गरम हवेचे झोत जमिनीतून येतात. काकांच्या घरात तसं नव्हतं. आधीच्या कुणा हौशी मालकानं तिथं पाण्याची व्यवस्था केली होती. मागच्या अंगणात बॉयलर, तो पाणी तापवायचा, पंप ते पाणी फरशीखालच्या पाइपांतून घरभर फिरवायचा आणि प्रत्येक खोलीत भिंतीला टेकून एक पांढरा रेडिएटर, त्याला एक नॉब. काका-काकू त्याला नुसतं हीटर म्हणत. नॉब फिरवला की त्या खोलीतला हीटर चालू किंवा बंद. ऊब अशी मऊ की मांजर नसलेल्या घरातही मांजर असावं असं वाटायचं. काकांनी घर घेतलं ते या पाइपांच्या प्रेमात पडून. पण अलीकडे सकाळी सकाळी त्या पाइपांतून आवाज येऊ लागला होता, आणि तो काकूंच्या खोलीत येत होता.

माझी खोली मागच्या अंगणात वेगळी होती, तिला साधा विजेचा हीटर. मी तेव्हा एका वेअरहाउसमध्ये आर्वो, म्हणजे दुपारच्या शिफ्टला होते. म्हणजे सकाळी घरी. काकांना हवे तेव्हा माझे कान मोकळे. आता माझं स्वतःचं घर आहे, त्याला गरम हवेचे झोत आहेत, ते आज्ञाधारकपणे चालतात आणि त्यांच्याकडे माझं कधी लक्षही जात नाही.

काका मूळचे इचलकरंजीचे. यंत्रमागांच्या खडखडाटातच वाढले. माग बिघडला की तो दुरुस्त करणाऱ्याला तिकडे जॉबर म्हणतात. काका जॉबर झाले, मग त्याच हातांच्या जोरावर इथल्या एका कार्पेटच्या कारखान्यात आले आणि तिथूनच निवृत्त झाले. कान त्या मागांनी खाल्ले. मागांच्या गल्लीत कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून जॉबर हाताने ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. मागाच्या सांगाड्यावर तळवा ठेवायचा, धोटा कुठे अडतोय ते बोटांना कळतं. "माग आजारी पडायच्या आधी बोलतो," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, आणि ते त्यांनी कार, वॉशिंग मशीन, मुलीचा संसार आणि फेडरल सरकार या सगळ्यांना लावून दाखवलं होतं.

कानाचं यंत्र लावा म्हणून डॉक्टर सांगून दमले, मुलगी सांगून दमली. काकांचं उत्तर ठरलेलं. "कान मागास्नी दिले. दिलेलं परत घेत नाही मी." गंमत म्हणजे देवानं त्यांना कान भरघोस दिले होते, मोठे, लांब पाळ्यांचे, वर केसांचे झुबके. लोकरीची टोपी त्या कानांवर कधीच नीट बसायची नाही. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ते ओरडूनच बोलत. त्यामुळे आज आमच्याकडे कसली आमटी आहे हे शेजारच्या ग्रीक म्हातारीलाही ठाऊक असायचं.

दुसरी खोड म्हणजे बंद करणं. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की काकांचा हात बटणावर गेलाच. पंखा, दिवा, हीटर, सगळं. "रिकाम्या खोलीला ऊब कशाला? भिंतीस्नी थंडी वाजती होय?" खोलीतून बाहेर पडताना नॉब बंद, आत शिरताना नॉब चालू, हे त्यांचे हात डोक्याला न विचारता करायचे. आता आपल्यापैकी कोण हे करत नाही? आपली सगळ्यांची लहानपणं 'पंखा बंद कर' ऐकण्यातच गेली. पण काकांना खोली रिकामी आहे की नाही हे बघायचीही सवड नसे. एका गणपतीत घरात माणसं मावत नव्हती. सगळे जेवायला हॉलमध्ये गेले, तशी काकांनी आतल्या खोलीतला दिवा घालवला, हीटर घालवला आणि दार ओढून घेतलं. आत एक बाई बाळाचा लंगोट बदलत होत्या. त्या हाका मारत राहिल्या, आणि काका दाराबाहेर शांतपणे उभे राहून पाहुण्यांना मोदक घ्या मोदक घ्या म्हणत होते.

पाहुणे येणार असले की मात्र उलट. सकाळपासून सगळे नॉब पूर्ण उघडे. घर असं तापायचं की पाहुणे जॅकेट काढून स्वेटर काढून शेवटी खिडकी उघडू का विचारायचे. पाहुण्याला थंडी वाजली तर घराची अब्रू गेली, यावर काका-काकूंचं एकमत होतं. त्यांचं एकमत होणाऱ्या गोष्टी फार नव्हत्या.

काकू पुण्याच्या. बोलणं मोजकं आणि धारदार. इथं त्यांनी कितीतरी वर्षं चाइल्डकेअरमध्ये काम केलं, डँडेनॉन्गमधली निम्मी पोरं त्यांनी झोपवली असतील. आता सकाळी पूजा झाली की त्या आपल्या खोलीत, दार लावून, हीटरशेजारच्या खुर्चीत बसत. भाजी निवडत, वाचत, विणत. तेवढाच त्यांचा वेळ. काका तेव्हा फिरायला गेलेले असत. आणि काका फाटकाबाहेर पडले की थोड्याच वेळात तो आवाज सुरू व्हायचा.

"तुम्ही गेलात की सुरू होतो," काकू त्यांना सांगत. यावर काकांनी पहिला निष्कर्ष काढला की फाटक आदळल्यामुळे पाइप हलतात. मग कित्येक दिवस ते फाटक असं लावायचे, जणू आत तान्हं मूल निजलंय. आवाज येतच राहिला.

मग त्यांनी माझी चाचणी घेतली. म्हणजे माझ्या मराठीची. "आवाज आवाज म्हणून भागत नाही पोरी. नाव सांगाय पाहिजे. गुडगुड झाली तर आत हवा अडकलीय. टकटक झाली तर पाइप तापून लाकडाला घासायलाय. घुंऽऽ झालं तर पंप. सूंऽऽ झालं तर पाणी चिमटीतनं जायलंय. आणि ठकठक झाली तर पाइप उड्या मारायलाय, ते वाईट. टकटक आणि ठकठक ह्यात गल्लत केलीस तर सगळं काम वाया." काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आधी सूं, मग ठकठक. काकांनी मान डोलावली आणि तरीही सुरुवात हवेपासून केली. जॉबर क्रम सोडत नाही म्हणे.

प्रत्येक रेडिएटरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू सैल करून त्यांनी हवा सोडली. फुस्स झालं, काळं पाणी काकूंच्या टॉवेलवर आलं, आवाज तसाच. मग ते फरशीखाली शिरले. त्या वयात, पोटावर सरपटत, टॉर्च दातांत धरून. कारखान्यातून आणलेले कार्पेटचे तुकडे त्यांनी जपून ठेवले होते, ते पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये एकेक करून कोंबले. मी वर बसून ते ओरडतील तिथे पाय आपटत होते. बाहेर आले तेव्हा टोपीला कोळ्याचं अख्खं घर चिकटलेलं. "माझ्या पाइपास्नी आता लाल गालिचा हाय," म्हणाले. आवाज तसाच.

लाटण्याची गोष्टही तेव्हाचीच. ऐकू येत नाही तर हाडाला ऐकवायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. लाटण्याचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून ते डोळे मिटून बसत. खरंच काहीतरी कळायचं त्यांना. पंप सुरू झाला, बंद झाला, हे ते बरोबर सांगायचे. काकूंनी पहिल्या दिवशी लाटणं तसं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून नवीन आणलं. जुनं त्यांना देऊन टाकलं. "कानाचं वेगळं, पोळ्यांचं वेगळं. ओट्यावर दोन्ही एकत्र दिसली तर मी दोन्ही फेकेन."

पण ही थट्टा हळूहळू विरत गेली, कारण आवाज काकूंखेरीज कुणालाच ऐकू येत नव्हता. मलासुद्धा. मी सकाळी घरात जायचे, काकू स्वयंपाकघरात येऊन चहा टाकायच्या, तिथला हीटर लावायच्या, मग आम्ही त्यांच्या खोलीत जाऊन बसायचो आणि पाइप चिडीचूप. प्लंबरला बोलावलं. तो येणार म्हणून अर्थातच घर पाहुण्यांसारखं तापवून ठेवलेलं. धिप्पाड, लाल दाढीचा, भला माणूस. त्यानं सगळीकडे हात लावून बघितलं, बॉयलर बघितला, काकूंच्या हातचे पोहे दोनदा घेतले आणि म्हणाला, "ऑल गुड, मेट. नथिंग रॉंग विथ इट." मग काकूंकडे बघून जरा हळू आवाजात, "ओल्ड हाउसेस टॉक अ बिट, लव्ह." काकू हसल्या नाहीत. पुन्हा एक प्लंबर आला, पुन्हा तापलेलं घर, पुन्हा पोहे, पुन्हा ऑल गुड.

मुलगी सिडनीला, केलीव्हिलला राहायची. दर रविवारी फोन स्पीकरवर असायचा, कारण काकांना तसाच पोचायचा. त्या रविवारी मी तिथंच होते. ती म्हणाली, "आई, ऑनेस्टली, दोन प्लंबरनी चेक केलंय. तू एकदा स्वतःचे कान तपासून घेतेस का? या वयात रिंगिंग होतं लोकांना. किंवा अँग्झायटी असेल. दिवसभर घरातच असतेस."

काकूंनी हातातली सुई खाली ठेवली. "म्हणजे बहिरे हे, आणि कान तपासायचे माझे," त्या म्हणाल्या. मग अगदी शांतपणे सांगितलं की पुण्याला बहीण एकटीच असते, मोठा फ्लॅट आहे, सप्टेंबरात त्या तिकडे जाणार. काही दिवसांसाठी का, असं मुलीनं विचारलं. "बघू," काकू म्हणाल्या. तिकीट काढून झालं होतं. परतीचं काढलेलं नव्हतं.

काकांनी अर्धंमुर्धं ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यासमोर उभी राहून, ओठ नीट हलवून ते सगळं पुन्हा सांगितलं. असं काम माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

नंतर काकू अंगणात कपडे काढत होत्या तिथं मी गेले. म्हटलं, काकू, एका आवाजासाठी घर सोडून जाल? त्या चिमटे काढत राहिल्या. "आवाजाबरोबर राहता येतं गं. ट्रेनच्या रुळाशेजारीही माणसं राहतात. पण मी काहीही बोलले तरी ते हवेत जातं. यांना ऐकू येत नाही, आणि ज्यांना येतं ते म्हणतात तुला भास होतोय. पुण्याला बहीण निदान 'हो का' तरी म्हणेल." मी त्यांच्याकडे न बघता चिमटे गोळा करू लागले. कारण मलाही तोवर वाटू लागलं होतं की भासच असेल.

काकांना मात्र तसं कधी, एक क्षणही, वाटलं नव्हतं. हे मला त्या माणसाबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय. स्वतःला काही ऐकू येत नाही, दोन प्लंबर नाही म्हणतात, पोटची पोर नाही म्हणते, पण काका ठाम. मी एकदा चाचरत म्हटलं, काका, आवाज नसेलच तर? ते माझ्यावर असे खवळले की ग्रीक म्हातारी कुंपणाशी आली.

"माग चालवणारा म्हणाला माग बोलायलाय, तर जॉबरनं हसायचं नसतं! त्यो दिवसभर तितं उभा असतोय. जॉबर घटकाभर येतोय. ती म्हणती आवाज हाय. मग हाय. मला घावला नाही ही माझी चूक, तिची न्हवं." मग जरा खाली बसले, टोपी काढली. "जॉबर आला की माग गप होतो. आमच्यात नेहमीचं हाय ते. तवा काय करायचं? जॉबरनं जॉबर म्हणून जायचं नाही. माग चालवणाऱ्याच्या जागी जाऊन उभं ऱ्हायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकूंना स्वतःच्या जागी फिरायला पाठवलं. ग्रीक म्हातारीची सोबत दिली. काकू कां-कूं करत होत्या, पण काकांनी त्यांच्या हातात स्वतःची काठीच दिली. मला बजावलं, "आज तू पाहुणी न्हाईस. चहा नाही, काही नाही. नुसते कान." मग सवयीप्रमाणे घरभर फिरून रिकाम्या खोल्यांचे नॉब बंद केले, काकूंच्या खोलीचा तेवढा चालू, दार लावलं आणि काकूंच्या खुर्चीत बसले. भाजीची परातसुद्धा मांडीवर घेतली. माग चालवणारा जे करतो ते सगळं करायचं म्हणे. मी पलंगाच्या कडेवर.

बॉयलर सुरू झाल्याचं त्यांना लाटण्यावरून कळलं. आम्ही बसून राहिलो. खोली तापू लागली. आणि मग मला ते ऐकू आलं. आधी बारीक, दातांतून शीळ घातल्यासारखं. सूंऽऽ. मग ते चढत गेलं आणि फरशीखालून कुणीतरी दार ठोठावू लागलं. ठक. ठक. ठकठकठक. खिडकीची काच थरथरली.

मी ओरडलेच, "काका! आलं!"

"टकटक की ठकठक?"

"ठकठक! आधी सूं, मग ठकठक! काकू म्हणाल्या होत्या अगदी तसंच!"

ते ताडकन उठले, पालक सगळीकडे सांडला. लाटणं पाइपावर टेकवलं, हाडाला लावलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही. त्यांनी डोळे मिटून नुसतं, "होय," म्हटलं. "होय. होय." त्यांची बायको इतके दिवस काय सांगत होती ते त्यांच्या हाडापर्यंत पोचलं होतं.

"पान्हा आणतो," म्हणून ते स्वयंपाकघरात धावले. आणि आवाज थांबला. एकदम थांबला. मी दारातून ओरडून सांगितलं, तर काय ऐकू जाणार, शेवटी जाऊन त्यांचा सदरा ओढला. "थांबला, काका." ते चडफडत परत आले, आणि आम्ही खोलीत पोचतो न पोचतो तोच पुन्हा ठकठक. ते पुन्हा धावले, थांबला. परत आले, सुरू. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या मागोमाग गेले आणि त्यांचा हात बघितला. स्वयंपाकघरात शिरताना त्यांनी नॉब उघडला. बाहेर पडताना बंद केला. त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता.

मी नुसतं बोट दाखवलं. काकांनी नॉबवरच्या आपल्या हाताकडे बघितलं. उघडला. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आवाज नाही. बंद केला. मी मान डोलावली, आहे. असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं, शेवटी हात तिथंच राहिला.

पुढचं त्यांनीच मला समजावलं, खालच्या आवाजात, जे त्यांना कधी जमत नसे. पंप घरभरच्या हीटरांसाठी पाणी ढकलतो. बाकी सगळे बंद केले की तेवढं सगळं पाणी एकाच हीटरच्या चिमटीतून घुसतं. ते शीळ घालतं, पाइपाला उड्या मारायला लावतं. एखादा दुसरा उघडला की पाणी वाटलं जातं, सगळं शांत. काका फिरायला जाताना घर बंद करून जायचे, एक काकूंची खोली सोडून. आणि कुणीही बघायला आलं, प्लंबर असो की मी, की पाहुणा आला म्हणून हीटर उघडायचे. "समद्या घराचं पाणी मी तिच्या अंगावर सोडायलतो," काका म्हणाले आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले.

काकू येताना दिसल्या तशा ते रस्त्यातच ओरडले, "आवाज मी करायलतो!"

"ते मला लग्नापासून माहीत आहे," काकू म्हणाल्या. पण आत आल्या, सगळं ऐकलं, पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुला ऐकू आला?" मी म्हटलं, आला काकू, स्पष्ट आला. त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग सांडलेला पालक बघितला आणि आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं.

काकांनी त्याच दिवशी पॅसेजमधल्या हीटरचा नॉबच काढून टाकला. म्हणजे तो कायम उघडा, रात्रंदिवस, माणूस असो नसो. आयुष्यभराच्या तत्त्वावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी सोडलं. तो नॉब ते कोटाच्या खिशात घेऊन हिंडायचे आणि सवयीनं हात शिवशिवला की खिशातल्या खिशात फिरवायचे. लाल दाढीवाला पुन्हा आला, पंपाचा वेग कमी करून गेला, "फेअर प्ले टु यू, लव्ह," म्हणजे मानलं तुम्हाला, असं काकूंना म्हणून गेला, पोहे खाऊन.

आता गोष्ट संपायला हवी होती. काकू म्हणाल्या, आवाज गेला. मी सकाळी बसून ऐकलं आणि म्हटलं, गेला. काकांचं समाधान होईना. "ती मला बरं वाटावं म्हणून म्हणत आसंल. आणि तू तिची बाजू घेणार." लाटणं लावून बसले, पाइप शांत होता, तरी नाही. "जॉबर सोताच्या कानानं ऐकल्याबिगर माग सोडत नाही." काकूंचं तिकीटही अजून फ्रिजवर चुंबकाखाली होतं.

एका सकाळी काका कुणाला न सांगता ट्रेननं कुठेतरी गेले आणि त्या भरघोस कानांमागे दोन बारीक यंत्रं अडकवून आले. ज्या माणसाला डॉक्टर आणि मुलगी वर्षानुवर्षं हलवू शकले नव्हते, तो एक गेलेला आवाज खरंच गेला का हे बघण्यासाठी गेला होता. काकूंनी बघितलं. आणि टोपी नीट बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं, पडताळ्यासाठी. काकूंची खोली, दार बंद. काकू त्यांच्या खुर्चीत, आमच्याकडे पाठ करून, मांडीवर परात घेऊन. काका पलंगाच्या कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. बॉयलर सुरू झाला. खोली तापली. पाइपांतून काही नाही. काही म्हणजे काहीच नाही. मी खुणेनं विचारलं, पटलं?

त्यांनी बोट वर केलं. थांब. "काहीतरी हाय," कुजबुजले. "बारीक हाय. गुडगुड न्हाई, सूं न्हाई..."

मी कान दिला. पाइप नव्हते. काकू होत्या. भाजी निवडताना त्या नेहमीच असं पुटपुटत असत, मला इतकी सवय झाली होती की मी ते ऐकणंच सोडून दिलं होतं. "...कोथिंबीर आणा म्हटलं तर मेथी. तीही पिवळी. सांगून उपयोग काय, सांगायचं कुणाला, भिंतीला..."

काका ऐकत होते. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. मग, त्यांच्या मानानं अगदी हळू, म्हणाले, "कोथिंबीर न्हवती दुकानात. मेथी ताजी हाय म्हणाला त्यो."

काकूंचे हात थांबले. त्या वळल्या नाहीत. खोलीत फक्त ऊब होती, कुठेही ठकठक नाही, टकटक नाही. मग त्यांनी पुन्हा एक काडी उचलली, पानं खुडली, आणि तशाच पाठमोऱ्या, तितक्याच बारीक आवाजात, परातीलाच सांगावं तसं म्हणाल्या, "ते तिकीट रद्द करायला फोन करायला हवा. पण करणार कोण."

"मी करतो की," काका म्हणाले, आणि उठले. जाताना दार उघडंच ठेवून गेले.